ड्यूटी तक्त्यावरचं लेखन

अंबाजोगाईत ‘मी लिहितो’ असं सांगितलं तर कुणाला नवल वाटत नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथल्याच डोंगरात आहे. संतकवी दासोपंतांना लिहायला रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका जुनी माणसं अजून सांगतात. गावात कवी आहेत, गझलकार आहेत, कीर्तनकार आहेत. नवल वाटतं ते ‘मी फक्त लिहितो’ असं म्हटल्यावर. समोरचा जरा थांबतो, मान हलवतो आणि विचारतो, “ते कळलं हो, पण करताव काय?”

मराठवाड्यात लिहिणारा माणूस म्हणजे मास्तर नाहीतर प्राध्यापक, हे समीकरण इतकं पक्कं की मलाही सगळे ‘सर’च म्हणतात. एके काळी मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचो, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही. पण तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. जेवढे तास तेवढे पैसे, तेही बिलं मंजूर होतील तेव्हा, आणि उन्हाळ्यात तर काहीच नाही. ते सोडताना लोकांना वाटलं मी फार मोठं धाडस केलं. सोडण्यासारखं तिथं फारसं काही नव्हतं. शिवाय बायको परिचारिका आहे, तिची नोकरी कायम आहे. पूर्णवेळ लेखकाबद्दल बोलताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी, लोक ती शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. घरात एक पगार ठरल्या तारखेला येतो म्हणून दुसऱ्याला पानं भरत बसता येतं.

तर माझी दिनचर्या. ती माझी नाहीच, रुग्णालयाच्या ड्यूटी तक्त्याची आहे. सकाळपाळी आठ ते दोन, दुपारपाळी दोन ते आठ, रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ. तक्ता लागला की ही त्याचा मोबाईलवर फोटो काढून आणते, मी तो कागदावर उतरवून फ्रिजच्या दारावर चिकटवतो आणि त्याखाली पेन्सिलीने माझी कामं मांडतो. थोर लेखकांच्या मुलाखतींत पहाटे चारला उठणं, थंड पाण्याने आंघोळ, एकांत असलं बरंच वाचायला मिळतं. त्या एकांताच्या वेळी त्यांच्या घरात चहा कोण टाकत होतं, हे त्या मुलाखतींत नसतं.

सकाळपाळीच्या आठवड्यात मी साडेचारला उठतो. पावणेपाच ते साडेसहा कागद. मग कणीक, भाजी, डबे. ही साडेसातला निघते, लेक दहाला शाळेत जाते. सव्वादहाला पुन्हा बसतो ते एकपर्यंत. म्हणजे सकाळ दोन तुकड्यांची. या दोन तुकड्यांत एकच काम होत नाही, हे मला फार उशिरा नाही तरी उमजायला वेळ लागला. पहाटेचा तुकडा नव्या मजकुराचा. दहानंतरच्या तुकड्यात डोकं तल्लख असतं, पण भोळं नसतं. ते लगेच हिशोब मांडतं, शंका काढतं. म्हणून त्या वेळेला जुनं लिहिलेलं खोडायचं, तोडायचं, पुन्हा लिहायचं.

दुपारपाळीचा आठवडा कादंबरीसाठी वाईट. ही सकाळी घरी असते, त्यामुळे बँक, दळण, गॅसचा नंबर, नात्यातल्या कुणाचा तपासणीसाठी आलेला पेशंट, सगळं सकाळीच उरकायचं असतं. घरात परिचारिका असली की तालुक्यातले सगळे पाहुणे आपल्या घरूनच दवाखान्यात जातात. कुणाचं रक्त तपासायचं, कुणाला डॉक्टरांचा नंबर लावायचा. त्यात चुकीचं काही नाही, मीही दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरी असाच उतरलो असतो. पण अशा सकाळी कादंबरीतलं माणूस तोंड उघडत नाही. म्हणून त्या आठवड्यात मी फक्त वर्तमानपत्राचा स्तंभ, प्रुफं आणि भाषांतर ठेवतो. ही कामं अर्ध्यात उठून परत बसलं तरी बिघडत नाहीत.

आणि रात्रपाळी. ऐकणाऱ्याला वाटतं, रात्रपाळी म्हणजे घराची ओढाताण. हिच्या शरीराची ती होतेच, त्यात गोड काही नाही. पण लेखनाच्या दृष्टीने माझा सगळ्यात भक्कम आठवडा हाच. पाचला उठून माझे तीन तास लिहून झालेले असतात. साडेआठला ही येते. मी चुरमुऱ्यांचा सुशीला परतलेला असतो, शेंगदाणे जास्त घालून, तो खात ही वॉर्डातलं सांगते. तिचं सांगणं मी कथेत वापरत नाही. असा आमच्यात ठराव आहे. फार मोह झाला तर आधी विचारायचं, आणि ती बहुतेक वेळा नाहीच म्हणते. दहाला ती आतल्या खोलीत झोपते, ती थेट तीनला उठते. ते पाच तास घरात बेल बंद, टीव्ही बंद, कुकर आधीच उतरवलेला. आणि मुख्य म्हणजे कुणी येत नाही. शेजारचे मामा दारात आले आणि मी “लिहायलोय” म्हटलं, तर ते म्हणतात, “लिहा की, मी बसतो इथंच पेपर वाचत,” आणि मग पेपरातली प्रत्येक बातमी मोठ्याने. तेच “सिस्टर झोपल्यात” म्हटलं की चपलेचा आवाज न करता फाटक ओढून घेतात. लेखकाच्या कामाला गावात जो मान नाही तो थकलेल्या नर्सच्या झोपेला आहे, आणि मला तो रास्तही वाटतो. मी त्या मानाच्या आडोशाला बसून माझी कादंबरी पुढे रेटतो. गेल्या दोन पुस्तकांतला बराचसा भाग या आडोशातच झाला.

नवा मजकूर मी हातानेच लिहितो. यात शाईपेनचं प्रेम वगैरे काही नाही. एक तर वीज. देखभाल-दुरुस्तीसाठी आठवड्यातून एक दिवस सकाळपासून जाते आणि उन्हाळ्यात तर वाऱ्यावावटळीने कधीही. दुसरं, पडद्यावर लिहिलेलं पहिल्याच वेळी छापल्यासारखं दिसतं, आणि छापल्यासारखं दिसलं की त्याला हात लावायचा आळस येतो. डीटीपीवाल्या मित्राकडे प्रुफांचे एका बाजूने कोरे कागद ढिगाने पडलेले असतात, ते मी आणतो. पाठीमागे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा मायना, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, आणि पुढे माझी कादंबरी. मोबाईल त्या वेळात देवघराच्या खणात. रोज तीन-साडेतीन पानं झाली की मी उठतो, जमत असलं तरी उठतो. पूर्वी जमतंय म्हणून दुपारपर्यंत लिहीत बसायचो आणि पुढचे दोन दिवस उपसलेल्या विहिरीसारखे कोरडे जायचे.

विहिरीवरून आठवलं, नळ. आमच्या गावाला पाणी मांजरा धरणाचं, धनेगावहून. पावसाळा बरा झाला तरी नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. आणि कधी येणार ते व्हॉल्व्ह सोडणाऱ्यालाच माहीत. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “पाणी सुटलं” असा निरोप आला की हातातला कागद ठेवून मोटार लावायची, टाकी, पिंप, हंडे. त्या दिवशी लेखन नाही. हे मी तक्त्यात धरलेलंच असतं. २०१६ साली मांजरा कोरडं पडलं तेव्हा शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा बघितलेल्या माणसाला नळाच्या दिवशी लिहायला बसणं जमत नाही. टाकी भरली की मात्र दुपारी फार छान झोप लागते.

दुपार हा पोट भरण्याचा वेळ. दोन्ही अर्थांनी. भाकरी, येसराची आमटी, घटकाभर पडायचं, आणि साडेतीनपासून पैशाचं लेखन. कादंबरीवर घर चालत नाही. मराठीत ते कुणाचं चालत असेल तर तो माणूस मला भेटायचाय. माझ्या दुपारी भरतात त्या भाषांतराने, श्राव्य मालिकांच्या संहितांनी, संस्थांच्या स्मरणिकांनी, आणि अलीकडे सगळ्यात जास्त शब्दांकनाने. निवृत्त माणसं, साखर कारखान्यातले जुने लोक, बियाणांचे व्यापारी, यांना आपलं आयुष्य पुस्तकात हवं असतं. पंच्याहत्तरीला, सहस्रचंद्रदर्शनाला ते प्रकाशित करायचं असतं. लिहिणारे मित्र या कामाला नाक मुरडतात. मी नाही मुरडत.

सध्या एका निवृत्त एसटी वाहतूक नियंत्रकांचं चाललंय. जन्म १९४२ चा. आठवड्यातून दोनदा त्यांच्या ओसरीवर बसतो. ध्वनिमुद्रण लावून मोबाईल दोघांच्या मध्ये ठेवला की ते आधी घसा साफ करतात आणि स्टँडवर घोषणा द्यावी तसं पहिलं वाक्य बोलतात. दहा मिनिटांनी मोबाईल विसरतात, मग खरं सुरू होतं. रझाकारांच्या काळात अख्खं कुटुंब निजामाची हद्द ओलांडून बार्शीच्या बाजूला गेलं, तेव्हा ते सहा वर्षांचेही नव्हते. “वडलानं खांद्यावर घेतलं अन् आईनं जातं सोडलं न्हाई,” ते म्हणाले. मी विचारलं, जातं? एवढं जड? “तळी घरीच ठिवली. वरची पाळी तेवढी घेतली डोक्यावर. तळी कुणी चोरत न्हाई म्हणली, वरची पाळी नेली की जातं बंद.” हे मी घरी बसून कल्पनेने कधीच लिहिलं नसतं. पुढे गाव परतल्यावर त्या दोन दगडांचं काय झालं, ते त्यांनी अजून सांगितलं नाही. मीही घाई करत नाही.

तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास जातात. बोललेलं आपोआप टंकणारी सोय मोबाईलमध्ये आहे आणि माझ्या पुस्तकी बोलण्याला ती बरी चालते, पण या साहेबांच्या बोलीपुढे ती हात टेकते. म्हणून ऐकत, थांबवत, मागे घेत, मीच टंकतो. मग त्यांच्या मुलाला ते ‘शुद्ध’ करून हवं असतं. मुलगा पुण्यात असतो, वडील पुस्तकात ‘न्हाई’ म्हणतात याचा त्याला संकोच वाटतो. आम्ही अशी तडजोड केली की निवेदन प्रमाण मराठीत आणि जिथं कुणी तोंड उघडतं तिथं बोली. ही तडजोड माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांतही आहे, आणि तिथं ती सांभाळताना घाम फुटतो. मुद्रितशोधक चांगला, सावध माणूस. पण त्याच्या हाताला साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या अठरा नियमांची सवय. पात्र “काय करायलाव?” म्हणालं की प्रुफात ते “काय करत आहात?” होऊन येतं. मग मी समासात तांबड्या शाईने ‘मूळ तसेच ठेवा’ लिहितो, पुढच्या प्रुफाला पुन्हा लिहितो, आणि अंतिम प्रुफाला प्रकाशकाला फोन करतो.

टंकलेखनाची वेगळीच तऱ्हा. मी युनिकोडमध्ये टंकतो, छपाईचं काम अनेक ठिकाणी अजून जुन्या फॉण्टांवर चालतं. या दोघांच्या रूपांतरात रफार उडतात, जोडाक्षरं सुटी होतात आणि ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्या’ असलेले शब्द हमखास मोडतात. एक सोळा पानांचा फर्मा नुसता ‘दुसऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ दुरुस्त करण्यात जातो. यावर अधिक लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

पैशाचं मात्र स्वच्छ सांगतो, कारण पूर्णवेळ लेखक व्हायला निघालेली तरुण मुलं मला हे विचारायला लाजतात. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि रॉयल्टी १० टक्के. म्हणजे सगळ्या प्रती खपल्यावर हातात १५ हजार. त्या खपायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. म्हणजे कादंबरी लिहायला लागलेला वेळ आणि ही रक्कम शेजारी मांडायचीच नाही. स्तंभाचं मानधन १० टक्के आयकर कापून येतं, ते विवरणपत्र भरलं की परत मिळतं. पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, आणि कवीलोक भरत नाहीत. आयकराच्या जुन्या पद्धतीत ८०क्यूक्यूबी म्हणून एक कलम आहे, साहित्यकृतीच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट देणारं. एकरकमी नसेल तर पुस्तकांच्या किमतीच्या १५ टक्क्यांवरची रॉयल्टी त्यात धरत नाहीत. १५ टक्क्यांवर देणारे प्रकाशक असतात अशी सरकारची समजूत दिसते. मी हे सनदी लेखापालाला वाचून दाखवलं, आम्ही दोघंही बराच वेळ हसलो.

करारपत्र मात्र हसण्यावारी नेत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आमच्याकडे पुष्कळ लेखक पुस्तक निघतंय याच आनंदात सही करतात. मी छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य रूप आणि भाषांतर असं वेगवेगळं लिहून घेतो. श्राव्य हक्क हातात ठेवल्यामुळे एका जुन्या कथासंग्रहाने, छापील आवृत्तीने दिले त्याहून जास्त पैसे दिले. शब्दांकनाचे पैसे तीन हप्त्यांत, पहिला ओसरीवर बसण्याआधी. नात्यातला माणूस असला तरी आधी. नात्यातला असला तर आधीच.

वर्षाचंही एक तंत्र आहे आणि ते दिवाळी अंकांच्या हातात आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम ठरून गेला. आषाढ लागला की संपादकांचे फोन, गणपतीच्या आसपास मजकूर द्यायचा, आणि मानधन संक्रांतीपर्यंत आलं तर संपादक सज्जन. त्यामुळे माझ्या कथा लिहून होतात त्या उन्हाळ्यात, त्रेचाळीस अंशांत, कूलरमध्ये पाणी टाकत. २०२३ साली अधिक श्रावण आला, दिवाळी नोव्हेंबरात गेली. धोंड्याच्या महिन्यात जावयाची चंगळ असते तशी लेखकाचीही होते, फुकटचा एक महिना मिळतो. त्या वर्षी मी एक दीर्घकथा पुरी केली, जी एरवी अर्धीच पाठवून ‘जागेअभावी संक्षिप्त’ झाली असती.

काही दिवस तक्त्यातून सरळ खोडलेले असतात. मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव, त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं. वेळ अमावस्येला हिच्या माहेरी, लातूर जिल्ह्यात, शेतात कोप करून भज्जी, उंडे, आंबील. तिथं वही नेत नाही. एकदा एका पत्रकार मित्राने विचारलं होतं, तिथं तर केवढा मजकूर मिळत असेल. मिळतो, पण आंबील पिऊन ज्वारीच्या ताटांत आडवं झाल्यावर तो कुणी टिपायचा?

संध्याकाळी फिरायला जातो. मुकुंदराजाच्या बाजूला डोंगराकडे गेलं तर एकटा, बाजाराकडे गेलं तर दर पंचवीस पावलांवर थांबा. दोन्ही लागतं. मग तासभर वाचनालय. गावोगावची अनुदानित वाचनालयं नसती तर त्या ५०० प्रतीही संपल्या नसत्या, म्हणून तिथल्या ग्रंथपालाशी मी नेहमी आदराने बोलतो, आणि तो मला नवं पुस्तक रजिस्टरला चढवण्याआधी चाळायला देतो. रात्री साडेनऊपर्यंत लेकीचा अभ्यास. माझा मराठीचा निबंध तिला पसंत नसतो. बाईंना आवडेल असा नाही, म्हणते. खरंय ते.

हे लिहितोय तो आठवडा दुपारपाळीचा आहे. म्हणजे कादंबरी बंद, स्तंभ आणि प्रुफं चालू. सकाळी हिच्या चुलत मामांना तपासणीला नेऊन आणलं, ते आत झोपलेत. मघाशी कंट्रोलर साहेबांचा फोन होता, प्रकरण कधी देताव म्हणून. त्यांना सांगितलंय, सोमवारपासून आमची रात्रपाळी लागते, तेवढी लागू द्या.